वैशाखातला हीटर

देवणी गावातल्या एका लग्नाला आम्ही गाडीचा हीटर लावून गेलो. वैशाख होता, सकाळचे अकरा वाजले होते आणि उदगीर मागे पडलं होतं. गाडीत आम्ही तिघं. चालवायला माझे सासरे, त्यांच्या शेजारी सासूबाई आणि मागे आहेराच्या पिशव्या मांडीवर घेऊन मी. नवरा नोकरीला नांदेडला असतो, तो तिकडून परस्पर एसटीनं येणार होता. शहाणा माणूस.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी ही छोटी गाडी कुणाकडून तरी जुनीच घेतली आणि त्या उन्हाळ्यात तिनं तापायला सुरुवात केली. आमच्या अहमदपूरहून निघालं की दहा-बारा किलोमीटरवर तापमानाचा काटा लाल पट्टीकडं सरकायचा. एका मिस्त्रीनं पंखा बदलला. दुसरा म्हणाला, रेडिएटर जाम आहे, नवा टाका. तिसऱ्यानं तर इंजिनच उतरवायला सांगितलं. शेवटी एका ट्रक ड्रायव्हरनं मामांना युक्ती दिली की काटा चढला की हीटर पूर्ण सोडायचा, इंजिनातली गरमी गाडीत येते आणि इंजिन वाचतं.

युक्ती खरी होती. इंजिन वाचलं.

आम्ही मांडवाच्या दारात उतरलो तेव्हा सासूबाईंचं कुंकू नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळलं होतं. माझी साडी पाठीला अशी चिकटली होती की ती साडी आहे की सालपट, ते कळेना. गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुलींनी आमच्याकडं एकदा पाहिलं आणि गुलाबदाणी खाली केली. यांना आणखी कशाला, असं त्यांना वाटलं असणार. तेवढ्यात नवरीकडच्या एक म्हाताऱ्या बाई लगबगीनं आल्या. सासूबाईंचा तो अवतार पाहून त्यांना वाटलं, ही पोरीच्या मायेनं रडून आलेली. त्यांनी सासूबाईंना पोटाशी धरलं आणि पोरगी काही लांब चालली नाही, उदगीरलाच तर चालली, असं म्हणून पाठीवरून हात फिरवू लागल्या. सासूबाईंचे खांदे हसण्यानं गदगदू लागले. म्हाताऱ्या बाईंनी त्यांना आणखी घट्ट धरलं. मी पिशव्या टाकून मांडवाच्या मागे पळाले, तर तिथं मामा आधीच तोंडात उपरणं कोंबून उभे होते.

जेवणं झाल्यावर सासूबाईंनी निकाल दिला. त्या लेकाबरोबर एसटीनं जाणार. आम्ही दोघांनी आमची भट्टी घेऊन मागून यावं.

लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण मामा आणि मी असे दोघंच कधी कुठं गेलो नव्हतो. आमचं बोलणं म्हणजे चहा ठेवू का आणि ठेव. मी शाळेत विज्ञान शिकवते, ते पेपर वाचतात, घर शांत असतं. त्या दिवशी उदगीरच्या पुढं काटा पुन्हा चढला, तेव्हा त्यांनी गाडी एका लिंबाखाली घेतली आणि बॉनेट उघडलं. मी म्हटलं, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका, वाफ अंगावर येईल. त्यांनी मान हलवली. मग पंखा अचानक फिरू नये म्हणून त्याची वायर काढून ठेवली आणि गाईजवळ जावं तसे हळूच इंजिनाजवळ गेले, एकेका नळीला बोटांच्या पाठीनं शिवून पाहू लागले. इंजिनाची आच तोंडाला लागत होती. रेडिएटरकडं जाणाऱ्या वरच्या जाड नळीवर त्यांचा हात थांबला.

"ही गार हाय," ते म्हणाले. "अंगात ताप अन् कान गार. असं जनावर म्या लई पाहिलं."

मी नळीला हात लावला. खरंच कोमट होती. इंजिनात पाणी उकळतंय आणि नळी कोमट, म्हणजे गरम पाणी रेडिएटरपर्यंत पोचतच नव्हतं. पंखा फिरतो तो रेडिएटर तापल्यावर, मग तो बिचारा फिरेल कशाला? वाटेत कुठंतरी दार बंद होतं. ते दार म्हणजे थर्मोस्टॅट, पाणी तापलं की आपोआप उघडणारी झडप. मी हे मामांना रस्त्याच्या कडेला, काडीनं मातीत चित्र काढून समजावलं. ते उकिडवे बसून ऐकत होते. वर्गात एवढं लक्ष देऊन कुणी ऐकत नाही.

त्यानंतरच्या रविवारी गाडी पूर्ण थंड असताना आम्ही दोन बोल्ट काढून ती झडप बाहेर घेतली. मुठीत मावेल एवढी पितळी वस्तू. मी शाळेतून थर्मामीटर आणला होता. पातेल्यात पाणी गॅसवर ठेवलं, झडप दोऱ्यानं त्यात सोडली आणि आम्ही दोघं ओट्याला नाक लावून उभे राहिलो. सासूबाई आत आल्या आणि काय शिजतंय म्हणून विचारलं.

"ताप पाहायलोय," मामा म्हणाले.

सासूबाईंनी पातेल्यात वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मीठ टाकलं का?"

झालं. माझ्या हातातला थर्मामीटर हलायला लागला, मामांना खोकला लागला. पाणी खदखदा उकळलं तरी झडप काही उघडली नाही. आपला तर्क बरोबर निघाला याचा मला एवढा आनंद झाला की मी सासूबाईंना मिठीच मारली. पातेलं तेवढं त्यांनी स्वयंपाकातून कायमचं बाहेर काढलं.

नवी झडप आणायला आम्ही एसटीनं लातूरला गेलो. दुकानदारानं जुनी झडप उलटसुलट करून पाहिली आणि मामांना विचारलं, मिस्त्री कोण आहे तुमचा?

"ही," मामा म्हणाले. "माझी सून."

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधू लागले.

नवी झडपही पातेल्यात टाकून पाहिली. या वेळी सासूबाई मधोमध उभ्या होत्या. पारा ब्याऐंशीच्या पुढं सरकला आणि कमळ उमलावं तशी ती हळूहळू उघडली. मग सासूबाई म्हणाल्या, पुन्हा दाखवा. गार पाण्यात बुडवून, परत तापवून, ते तीनदा पाहिलं.

झडप बसवली, कूलंटचं हिरवं पाणी ओतलं, गाडी सुरू केली. आणि काटा सरळ लाल पट्टीकडं निघाला. हीटर सोडला तर त्यातून गार वारा. मी घाईनं गाडी बंद केली. माझं सगळं विज्ञान अंगणात सांडल्यासारखं झालं. पायरीवर बसून विचार केला आणि कळलं की पाणी भरताना आत हवा अडकली असणार. पण ती काढायची कशी?

"हवा?" मामा पुढं झाले. "म्हंजी पोट फुगलंय. त्याला काय, फुगलेलं जनावर चढावर उभं करतेत. पुढचे पाय वर. गॅस आपसूक तोंडातून येतो."

मी त्यांच्याकडं पाहतच राहिले. रेडिएटरचं तोंड पुढंच असतं.

इंजिन थंड होऊ दिलं. मग घरासमोरच्या चढावर गाडी तोंड वर करून उभी केली, मागच्या चाकांना दगड लावले, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि हीटर पूर्ण सोडला. मामा वरची जाड नळी दाबत-सोडत राहिले. पाचेक मिनिटं काही नाही. मग आतून गुडगुड ऐकू आलं. एक बुडबुडा, दोन, आणि मग असा दणदणीत ढेकर की हिरवं कूलंट मामांच्या पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून खिशापर्यंत उडालं. ते जागचे हलले नाहीत. आनंदानं त्यांनी नळी आणखी दाबली. गाडी अजून एक लिटर पाणी प्यायली, हीटरमधून गरम वाफारा आला, थोड्या वेळानं पंखा घर्रकन फिरला आणि काटा मधोमध येऊन बसला. समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली होती. हिरवे मामा आणि काळ्या हातांची मी गाडीभोवती नाचत होतो, असं सासूबाई सगळ्यांना सांगतात. मी एवढंच कबूल करते की टाळ्या वाजवल्या.

मग घरात बसवेना. सासूबाईच पदर खोचून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या आणि चला म्हणाल्या. कुठं, ते ठरलं नव्हतं. गाडी मीच चालवली. बाहेर ऊन रटरटत होतं, हीटर बंद, काचा खाली, मामा मागच्या सीटवरून दर दोन मिनिटांनी काटा विचारत होते आणि मी मधोमध, मधोमध म्हणत होते. असं करत करत आम्ही नांदेडला पोचलो.

नवऱ्यानं दार उघडलं. शर्टावर हिरवे डाग पडलेले वडील, विस्कटलेली आई आणि ग्रीस लागलेली बायको बघून त्याचा चेहरा उतरला. काय झालं, त्यानं विचारलं.

"काही झालं न्हाई," मामा म्हणाले. "तेच सांगायला आलो."