नोंदणी क्रमांकाआधीचं अक्षर

दयाबाई केडगावच्या शाळेत तिसरीचा वर्ग घ्यायच्या. मी एकाहत्तर साली त्याच शाळेत नवीन लागले, तेव्हा हजेरीपट कसा लिहायचा हे त्यांनीच मला शिकवलं. कागदावर त्यांचा फार भरवसा होता. दाखल्याशिवाय कुणी मुलाचं नाव घालायला आलं, की त्या हसत पण ठामपणे त्याला परत पाठवायच्या. त्यांचे यजमान अब्राहाम नागापूरच्या एका कारखान्यात फिटर होते. दोघांना एकच मुलगी, मरिया. दहा वर्षांची, गोड गळ्याची.

मरियाच्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती आणि ते जरासे बाहेर आलेले होते. घरात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. पण त्या नाताळात चर्चमध्ये गाताना पोरीनं पूर्ण वेळ तोंडापुढे हात धरला. घरी विचारलं तेव्हा रडत म्हणाली, "पोरी मला खिडकी म्हणतात."

नगरच्या बाजारपेठेत आप्पासाहेब नावाचे एक दातवाले बसत. पाटीवर लिहिलेलं होतं: सरकारी नोंदणीकृत दंतवैद्य. वाकडे दात सरळ करून मिळतील. आत भिंतीवर काचेच्या चौकटीत इंग्रजी प्रमाणपत्र होतं. दयाबाईंनी ते उभ्यानं वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, "शिक्का आहे, क्रमांक आहे. सगळं नीट बघूनच पोरीला खुर्चीत बसवलं."

आप्पासाहेबांनी दोन्ही दातांभोवती मिळून एक बारीक रबरी कडं चढवलं. तीन आठवड्यांत फट बुजली. मरिया मधल्या सुट्टीत माझ्याकडे धावत आली आणि ओठ वर करून दात दाखवून गेली. दयाबाईंनी त्या दिवशी सगळ्या शिक्षकांना चहा पाजला.

कडं मात्र दिसेनासं झालं होतं. आप्पासाहेब म्हणाले, "जेवताना पडलं असेल. काम झालंय, आता काळजी नको."

मे महिन्यात दात लांब दिसू लागले. हिरडी सुजली. मरियाला भाकरी तोडता येईना, दयाबाई ती दुधात कुस्करून द्यायच्या. आप्पासाहेबांनी आधी मिठाच्या गुळण्या सांगितल्या, मग लावायला औषध दिलं. पुढच्या खेपेला हिरडीतून पू आला. तेव्हा त्यांनी दात बोटानं हलवून पाहिले आणि म्हणाले, "दोन्ही काढून टाकू. मुळातच कच्चे होते."

दयाबाई पोरीचा हात धरून तडक बाहेर पडल्या. आमच्या ओळखीच्या एका नर्सबाईंनी मुंबईच्या दाताच्या मोठ्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली. अब्राहाम यांना रजा मिळेना, म्हणून मी सोबत गेले. एस.टी.त मरियानं दोन्ही बोटांनी दात दाबून धरले होते. कुठं खड्डा आला की दयाबाई आपला हात तिच्या हनुवटीखाली न्यायच्या. सगळ्या वाटेत त्या एवढंच म्हणत होत्या, "देवा, मी नेलं तिला. मी नेलं."

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला आणि विचारलं, "दातांना रबर लावलं होतं का?"

"हो. पण ते पडलं म्हणाले."

बाईंनी हिरडी बधिर करून थोडी उघडली. चिमट्यात एक मळकं, चिकट रबरी कडं बाहेर आलं. "पडलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "दाताचं मूळ वर निमुळतं होत जातं. रबर घसरत घसरत हिरडीत शिरलं आणि मुळांभोवतीचं हाड खात गेलं."

"दात वाचतील ना?"

"डावा नाही वाचायचा. उजवा शेजारच्या दाताला तारेनं बांधून बघते."

दयाबाईंनी प्रमाणपत्रातला मजकूर पाठ केल्यासारखा सांगितला. क्रमांकही सांगितला. बाईंनी विचारलं, "क्रमांकाच्या आधी भाग अ होतं की ब?"

दयाबाईंनी डोळे मिटून ती चौकट आठवली. मग हळूच म्हणाल्या, "ब होतं. तुकडी असेल, असं वाटलं मला."

"पदवी नसलेल्या, पण कायदा होण्याच्या आधीपासून धंदा करणाऱ्यांची नावं त्या भागात असतात. तुम्ही वाचलेला कागद खरा आहे, बाई. त्यांना काम करायची मुभा आहे, एवढंच तो सांगतो. दात सरकवायचं त्यांना कुणी शिकवलंय, असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. पदवीवाल्यांनाही ते पुढं वेगळं शिकावं लागतं, त्याची वेगळी परीक्षा असते. हात लावू देण्याआधी तेवढंच विचारायचं असतं."

"मी विचारलं असतं तर..." दयाबाई म्हणाल्या. "पण फट मग तशीच राहिली असती ना?"

बाईंनी एक्स-रे पुन्हा उजेडात धरला. सांगावं की नाही, हे त्यांना कळत नसावं. "तिचे सुळे अजून यायचेत. ते आले की अशी फट पुष्कळदा आपोआप बुजते. वाट पाहिली असती तरी चाललं असतं."

दयाबाई भिंतीला टेकत खाली बसल्या. रडल्या नाहीत. डॉक्टरीणबाई डावा दात काढायला आत गेल्या. मरिया ओरडली तेव्हा दयाबाईंनी पदर कानांवर दाबून धरला. मीच आत गेले.

नगरला परतल्यावर आम्ही दोघी आप्पासाहेबांकडे गेलो. दयाबाईंनी पुडीतून आणलेलं ते कडं त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "तीस वर्षं दात काढतोय, कवळ्या बसवतोय," ते म्हणाले. "रबराचं एका ओळखीच्याकडं पाहिलं होतं."

"मग पाटीवर का लिहिलंत?"

"लोक विचारत येतात, बाई. नोंदणी तर माझी खरीच आहे."

दयाबाईंनी कडं परत पुडीत बांधून घेतलं. त्यांनी सरकारकडे तक्रारीचा अर्ज पाठवला. अर्ज पोचल्याचं एक कार्ड आलं, त्यापुढं काही नाही.

उजव्या दातासाठी सहा महिने मुंबईच्या खेपा झाल्या. ते दुष्काळाचं वर्ष होतं, शाळेत पोरांना सुकडीचा कोरडा सरकारी खाऊ वाटायचं काम आमच्याकडे होतं. एका दुपारी सुकडी चावताना तोही दात निघाला. मरियानं तो निमूटपणे आईच्या हातात दिला.

मग टाळूला बसवायची, दोन खोट्या दातांची पट्टी आली. जबडा वाढेल तशी ती बदलावी लागणार होती. पहिल्याच महिन्यात तिची कड टाळूला रुतू लागली. मी त्या रविवारी त्यांच्या घरी होते. मरिया ताटावरून उठून रडत बसली होती. अब्राहाम यांनी पट्टी धुतली, पेटीतून सगळ्यात बारीक कानस काढली आणि पट्टी उजेडात धरली. लोखंड केसाच्या जाडीइतकं नेमकं घासणारा माणूस तो. दयाबाई दाराशी उभ्या होत्या.

"एवढं तर मला जमतंय," ते म्हणाले. कानस कडेला टेकवली, तशीच धरून ठेवली. मग बाजूला ठेवली.

"न्हाई. माझं काम न्हाई हे. दया, उद्याच्या येष्टीनं तिला घिऊन जा. मी यतो संगं, रजा देवोत का न देवोत."

मरियानं पट्टीशिवायच भात खाल्ला. दयाबाई पिशवी भरायला लागल्या.