चूपबाई आणि विहिरीतला हात

चूपबाई ओरडत नसत. त्या नुसतं 'चूप' म्हणत, तेही एकदाच, आणि साठ बायका, त्यांच्या मांडीवरची पोरं, शेंगदाण्याच्या पुड्यांची चुरचुर, सगळं गप्प व्हायचं. मी पुढे आयुष्यभर शाळेत शिकवलं, टेबलावर डस्टर आपटून आपटून हात दुखवून घेतला, पण तसा 'चूप' मला कधी जमला नाही. त्यांचं खरं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. विचारावं असंही कुणाला वाटलं नाही, आणि आता त्याचासुद्धा मला राग येतो.

जबलपूरला कमानिया गेटच्या मागच्या अंगाला एक टॉकीज होती. पुरुष पुढच्या दारानं आत जायचे. बायकांसाठी बाजूच्या बोळात अरुंद जिना होता आणि त्याच्या तोंडाशी स्टुलावर बसून चूपबाई तिकिटं फाडायच्या. वर लेडीज क्लास होता. लाकडी बाकं, आणि कठड्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड निळा पडदा. दिवे गेले की चूपबाई तो सरकवायच्या, आणि इंटरव्हलचे दिवे लागायच्या आत पुन्हा ओढून घ्यायच्या. खालच्यांना वरच्या बायका दिसू नयेत म्हणून. घरोघरच्या पुरुषांनी बायकांना सिनेमाला सोडलं ते त्या निळ्या कापडाच्या भरवशावर.

बाई मूळच्या वर्धेकडच्या. नवरा रिछाईतल्या एका कारखान्यात होता. तो गेला आणि त्यांनी हे काम धरलं. मॅनेजरची अट एकच होती, वरून आवाज येता कामा नये. खालच्या गिऱ्हाइकांनी तक्रार केली तर लेडीज क्लास बंद आणि बाईही घरी. माझ्या आईला त्या एकदा म्हणाल्या होत्या, "माह्यं जाऊ द्या हो ताई, मी चार घरची धुणी धरीन. पन या बाया कुठं जातीन?" म्हणून त्या प्रत्येकीला जिन्यातच बजावायच्या. "आधी पाजून घे वं त्याले, मंग वर जा." हिंदी बायकांना, "दीदी, बच्चा गोद में। चलो, चलो." आणि माझ्या हातातलं पुस्तक बघून, "काहून वं पोरी, अंधारात वाचून राहिली का तू?"

मी त्या वेळी बी.ए.ला होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. राज्यांची नवी मांडणी झाली तेव्हा नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. घराबाहेर सगळा दिवस हिंदीत जायचा. त्यामुळे आमच्या मराठी मंडळाचं हस्तलिखित मासिक म्हणजे केवढं तरी मोठं प्रकरण. त्यात माझा लेख आला की मंडळाचे सेक्रेटरी, एका सरकारी कचेरीतले हेडक्लार्क, माझ्या वडिलांना रस्त्यात थांबवून म्हणायचे, "मुलीच्या लेखणीला धार आहे हो." धार कुणाच्या मानेवर चालते हे त्यांनी विचारलं नाही. मीही नाही.

आणि मग तो सिनेमा आला. पोस्टरवर तो भुताचा होता. आत देवीचं भजन होतं, दरोडेखोर होते, डोळे फिरवणारा एक विनोदी पहिलवान होता आणि मध्येच नागिणीचा नाच. सासू नव्या सुनेला विहिरीत ढकलते आणि जमलेल्या गावाला सांगते, "पैर फिसल गया।" मग विहिरीतून सुनेचा हात वर येतो. हात रबराचा होता. मनगटाशी त्याची वळी पडायची आणि त्या वळीवर हिरव्या बांगड्या चढवलेल्या होत्या. शेवटी ते भूत कोर्टात साक्ष द्यायला येतं आणि न्यायाधीश घाम पुसत पुसत त्याला शपथ घ्यायला लावतात.

खाली पहिल्या दिवसापासून हसून हसून लोळण. वर रडारड. मी आईबरोबर दुपारच्या खेळाला गेले होते. सासू म्हणाली, "पैर फिसल गया," आणि माझ्या शेजारून मोठा आवाज आला, "झूठ!" मी वळून पाहिलं. ओरडली होती ती माझी आई. जी आई वडिलांसमोर भाजीत मीठ कमी आहे असंही म्हणत नसे. समोर रबरी हात वर आला, शेजारी आई पदर तोंडात धरून बसलेली, आणि मला हसू फुटलं. खालचे हसत होते तसंच, खो खो. चूपबाई मागून आल्या, माझ्या खांद्याशी वाकल्या आणि म्हणाल्या, "चूप."

रडणाऱ्या, ओरडणाऱ्या इतक्या बायकांना काही नाही आणि मला चूप! मी घरी येईपर्यंत धुमसत होते. त्याच आठवड्यात मी मासिकाला लेख दिला, 'रबरी हात, खरे अश्रू'. त्यात मी दिग्दर्शकाला सोललं, भुताला सोललं आणि वरच्या बायकांनाही सोललं. सिनेमाशी बोलणारी एक प्रौढ महिलाही त्यात होती. ती कोण हे मी लिहिलं नाही. शेवटचं वाक्य असं होतं: 'अशा प्रेक्षकांसाठी वेगळा वर्ग राखण्यापेक्षा वेगळी शाळा काढलेली बरी.' मंडळात ते वाक्य वाचून लोक टाळ्या देत होते.

आमच्याच क्वार्टरांच्या ओळीत दोन वर्षांपूर्वी एक सून विहिरीत गेली होती. आई तिच्या मयताला जाऊन आली आणि आम्हाला म्हणाली होती, "पाय घसरला बिचारीचा." सगळी ओळ तेच म्हणत होती. जबलपुरात तेव्हा किती सुनांचे पाय घसरत होते ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी अवाक्षर काढत नव्हतं. आईनं ते काढलं, एका टुकार सिनेमात, अंधारात, पडदा उघडा असताना. आणि तिची धारदार लेखणीची मुलगी हसली. चिडायचं असेल तर मी आधी स्वतःवर चिडायला हवं, हे मला समजायला फार वर्षं लागली.

पुढच्या रविवारी आईनं पुन्हा जायचा हट्ट धरला. मी तोंड वाकडं करून सोबत गेले. एव्हाना खाली तो खेळच झाला होता. पोरंटोरं, दुकानदार, कचेरीतले बाबू तिसऱ्यांदा, चौथ्यांदा येत, केवळ ते एक वाक्य सासूबरोबर म्हणायला. सासूनं तोंड उघडलं आणि तीनशे पुरुष एका सुरात ओरडले, "पैर फिसल गया!" मग शिट्ट्या, मग हसणं. वर एक तरुण बाई बाकावरून खाली सरकून जमिनीवरच बसली आणि तिनं कान झाकून घेतले.

चूपबाई मागच्या भिंतीशी उभ्या होत्या. त्या बाकांमधून पुढे आल्या, कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि खाली वाकून म्हणाल्या, "चूप."

एकदाच. ओरडून नाही. खालचं सगळं हसणं जागच्या जागी थांबलं. विहिरीतून हात वर आला, तोच रबराचा, तीच मनगटाची वळी, आणि त्या शांततेत तो माझ्यानं बघवेना. नंतर लगेच इंटरव्हल. दिवे लागले. बाई पडद्याजवळच उभ्या होत्या, पण त्यांनी पडदा ओढला नाही. खालचे पुरुष माना वर करून बघत होते आणि साठ बायका रडलेल्या तोंडांनी त्यांच्याकडे बघत होत्या. एकीनंही पदर पुढे घेतला नाही. खाली एक एक मान वळायला लागली.

दुसऱ्या दिवशी तक्रारींचा पाऊस. आमच्या बायका उघड्यावर दाखवल्या, वर धिंगाणा चालतो, बाया बिघडायला लागल्या. आपण तीनशे जण काय ओरडत होतो ते एकानंही सांगितलं नाही. मॅनेजर तरी जरा बिचकत होता. कारण लेडीज क्लास एकदम बंद करायचा तर बायकांच्या बाजूनं कुणी भांडेल अशी त्याला भीती. ती आमच्या सेक्रेटरीसाहेबांनी घालवली. माझा लेख घेऊन ते मॅनेजरकडे गेले आणि शेवटचं वाक्य हिंदीत करून वाचून दाखवलं. वर म्हणाले, "देखिए, हमारे समाज की पढ़ी-लिखी लड़की खुद यही कहती है।" आठवड्याच्या आत लेडीज क्लास बंद. बाकं गेली, खुर्च्या आल्या, पुढच्या दारानं पुरुषांनाही वरची तिकिटं मिळायला लागली.

मी टॉकीजवर गेले तेव्हा चूपबाई स्टुलावर चढून निळ्या पडद्याच्या कड्या काढत होत्या. मला बघून उतरल्या.

"लेख आनला का वं? मॅनेजरले वाचून दाखवला म्हनते. मले वाचता येत नाई. मलेबी दाखव."

मासिक माझ्या पिशवीत होतं. मी जिन्याच्या पायरीवर बसून वाचायला लागले. वाचता वाचता शब्द बदलत गेले, बायकांबद्दलचं गाळलं, शेवटच्या वाक्याच्या अलीकडेच थांबले.

"अन् ते शाळेचं?" बाई म्हणाल्या.

मी तेही वाचलं. त्यांनी पडद्याची एक घडी घातली, मग दुसरी.

"तुले हसाचं होतं तं खाली जाऊन हसाचं होतं, पोरी. वर आमच्यात बसून खालच्यावानी काहून हसली तू?"

मी काहीतरी माफीचं पुटपुटायला लागले तर म्हणाल्या, "चूप." पडदा काखेत मारून त्या जिना उतरून गेल्या. पुन्हा मला त्या दिसल्या नाहीत. आई नंतर बारा वर्षं जगली. सिनेमाला कधी गेली नाही. पुरुषांमध्ये बसायला वडील सोडत नव्हते आणि तिनंही विचारलं नाही.

यंदा दिवाळीला नातवंडं जमली होती. मराठी त्यांना कळते, बोलतात हिंदी. टीव्हीवर त्यांनी तोच सिनेमा लावला. त्याचे तुकडे म्हणे मोबाइलवर फिरतात. "आजी, इतनी घटिया है कि मज़ा आता है," नात म्हणाली. पहिलवानाला हसली, नागिणीला हसली. मलाही हसू आलं, उगाच खोटं कशाला सांगू? मग विहीर आली आणि सगळी सरसावून बसली. मी म्हटलं, "चूप." कुणी ऐकलंसुद्धा नाही.

सासूनं तोंड उघडलं. पोरं एका सुरात ओरडली, "पैर फिसल गया!"

मी उठून उभी राहिले. "झूठ!"

खोली गप्प झाली. नात घाबरून रिमोटकडे धावली, "आजी, क्या हुआ? बंद कर दूँ?"

"नको," मी म्हटलं. "आता हात वर येईल. नीट बघ."