कपडे वाळत घातलेत का, कोमाद्रे?

लास पेतास या गुरांच्या वाडीवर ढग कधी येतच नसत. निदान रेडिओवर तरी. धावपट्टीवर बदकं पोहत असली, तरी विमानवाल्यानं "हवा कशी आहे?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "सोन्यासारखी!" मालक डॉन रेमिहियोंचा, म्हणजे पात्रोनचा, तसा हुकूमच होता. ढग आहेत म्हटलं, तर विमान शेजारच्या वाडीवर उतरणार आणि आपली साखर, बिअर, औषधं तिथेच राहणार. शेजारीही काही हरिश्चंद्राचे अवतार नव्हते. बेनी प्रांताच्या अख्ख्या मैदानात पावसाळाभर एकाही वाडीवर ढग नसे.

हे सोन्यासारखं आभाळ रोज सांगायचं काम नेमेसियाचं. ती मूळची स्वैपाकीण. मालकांना रेडिओचा कंटाळा, म्हणून तोही तिच्या गळ्यात पडला. खोटं बोलायला तिची ना नव्हती. पण वैमानिक एर्लान तिचा कोंपाद्रे होता, तिच्या लेकीला बाप्तिस्म्याला त्यानंच हातावर घेतलेलं, म्हणून ती त्याची कोमाद्रे. त्याला मरायला कसं बोलवायचं? आणि खरं बोलावं, तर मालक मागेच उभे.

मग दोघांनी युक्ती काढली. सोन्यासारखी हवा ऐकून झाली की एर्लान विचारायचा, "कपडे वाळत घातलेत का, कोमाद्रे?"

"घातलेत की!" म्हणजे या.

"कसले घालताय! चुलीपाशी कुबट वास मारताहेत." म्हणजे घरी बसा.

"तुझा कोंपाद्रे वैमानिक आहे की धोबी?" मालक खदखदून हसायचे. एवढा हुशार माणूस, पण कपड्यांत त्यांना कधी काही दिसलं नाही.

वाडीच्या संताचा सण आला आणि नेमका दक्षिणेचा गार वारा सुटला. हा सुरासो आला की ढग ताडांच्या शेंड्यांवर येऊन बसतात आणि भुरभुर थांबत नाही. पाहुणे घोड्यांवरून आदल्या दिवशीच येऊन बसले होते. बिअर मात्र एर्लानच्या विमानातून यायची होती, आणि बिअरशिवाय संत कुणावर प्रसन्न होणार? मालकांनी नेमेसियाला मागच्या अंगणात बदकं सोलायला पिटाळलं आणि रेडिओ स्वतः हातात घेतला.

"हवा सोन्यासारखी!" ते ओरडले.

"बरं. आणि कोमाद्रेनं कपडे वाळत घातलेत का?"

मालकांनी खिडकीतून पाहिलं. पाहुण्यांसाठी धुतलेल्या चादरी चुलीच्या छपराखाली, दोरीवर लटकत होत्या.

"घातलेत ना! पांढऱ्याशुभ्र चादरी!"

रेडिओवर ते आयुष्यात पहिल्यांदाच खरं बोलले होते.

विमानाची घरघर ऐकून नेमेसिया बदक टाकून धावली, पिसं चिकटलेल्या हातांनीच. "कोण म्हणालं त्याला ये म्हणून? कोण म्हणालं?" आवाज ढगात एकदा घिरटी घालून गेला, दुसऱ्यांदा खाली आला आणि ताडांमध्ये थांबला.

बिअरच्या निम्म्या बाटल्या शाबूत निघाल्या. एर्लान निघाला नाही. सण झाला, बाटल्या वाया घालवणं संताला आवडलं नसतं. चौकशीला आलेल्या साहेबांनी बदकाचं कालवण चापून खाल्लं आणि वैमानिकाचा अंदाज चुकला असं ठरवलं. मालकांनी ताडांपाशी सिमेंटचा क्रूस उभारला, त्यावर स्वतःचं नाव जरा मोठंच घातलं. नेमेसियानं त्यांना चादरींचं सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग मला आधी सांगायचं नाही का?" ती रडली ती तेव्हा. रागानं रडली.

पुढच्या वर्षी पुन्हा सुरासो. मालकांचा मुलगा शहरातून निघाला होता, नव्या वैमानिकाबरोबर. ढग ताडांच्या बरेच वर होते. एर्लान हसत उतरला असता.

"लास पेतास, हवा कशी आहे?"

नेमेसियानं तोंड उघडलं, तोवर डॉन रेमिहियो अनवाणी धावत आले आणि त्यांनी माइक हिसकावला.

"येऊ नका! ढग आहेत, पाऊस आहे, काही दिसत नाही! मागे फिरा!"

"फिरतो, पात्रोन."

मालक घाम पुसत बाकावर बसले. नेमेसियानं त्यांच्यापुढे कॉफी ठेवली.

"म्हणजे दिसतात तर तुम्हाला ढग, पात्रोन," ती म्हणाली.