रॉडवरची रेघ

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. छप्पन साली आजोबांनी धम्म घेतला, घरातला देव्हारा गेला आणि त्याच्याबरोबर नवस, अंगारे, नजर उतरवणं हे सगळंच गेलं. या ग्रुपवरचे हडळी-पिंपळांचे किस्से मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि आम्ही दोघं पोट धरून हसतो. आता तुम्ही हसा. पण हे दुसरीकडे कुठं सांगायची सोय नाही...

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही बदलापूरला राहायचो, मी अंबरनाथला एका कारखान्यात फिटर होतो. वडील लवकर गेले, त्यामुळे धाकटा भाऊ मिलिंद माझ्याच हाताखाली मोठा झाला. त्याला रेसचं वेड. आमच्याकडे एक जुनी विलायती टू-स्ट्रोक मोटरसायकल होती. मी तिचं इंजिन बांधायचो आणि हा पठ्ठ्या माळावरच्या डर्ट रेसमध्ये ती पळवायचा. शेवटून दुसरा आला तरी आठवडाभर मिरवायचा.

असल्या इंजिनात सगळी भिस्त कनेक्टिंग रॉडवर — म्हणजे पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा पोलादी दांडा. तो धावत्या गाडीत मोडला तर मागचं चाक जागच्या जागी जाम होतं आणि पोरगा हवेत. रेसिंगचे जुने, चांगले रॉड दुकानात मिळत नसत. उल्हासनगरच्या कॅम्पात भंगाराचं दुकान असलेले एक सिंधी सेठ माझ्यासाठी असा माल बाजूला काढून ठेवायचे.

"साईं, ये देखो," एका रविवारी त्यांनी कागदातून रॉड काढला. "असली रेसिंग का. बंबई में किसी शौकीन का इंजन खुला था."

रॉड खरोखर देखणा होता. कुणीतरी हातानं घासून घासून आरशासारखा केलेला, कुठं ओरखडा नाही. मी घासाघीस न करता घेतला.

जुना रॉड बसवण्याआधी मी रॉकेल-खडूची टेस्ट करायचो. रॉड रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा, कोरडा पुसायचा आणि वरून खडूची पूड लावायची. डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळपट रेघ उमटते.

रेघ उमटली. वरच्या टोकाखाली, तिरकी, आणि शेवटाला तिला दोन फाटे.

"गेला कामातून," मी म्हणालो.

मिलिंदचं तोंड एवढंसं झालं. "दादा, नीट पुसला नसशील."

पुन्हा केली. तीच रेघ. दुसऱ्या एका रॉडवर करून बघितली, तो स्वच्छ. मग कारखान्यात तपासणी खात्यात साळवी होते, त्यांना रॉड दिला. त्यांच्याकडे चीर शोधायचं चुंबकाचं मशीन होतं. त्यांनी माझ्यासमोर रॉड दोनदा लावला.

"एकदम क्लीन आहे. तुझ्या खडूलाच काहीतरी झालंय," साळवी हसले.

घरी आणून टेस्ट केली... रेघ. आईनं बघितली, मिलिंदनं बघितली. म्हणजे माझ्या डोळ्यांचा दोष नव्हता.

मी रॉड बसवला नाही. मशीन काहीही म्हणो, भावाला त्याच्यावर बसवायचा नाही. कपाटात टाकला आणि इंजिनात साधा नवा रॉड घातला. मिलिंद दोन दिवस कुरकुरत राहिला.

पुढच्या रविवारी सरावात, पहिल्याच वळणावर, गाडी मातीत घसरली. वेग असा नव्हताच. इंजिन चालूच होतं, नवा रॉड ठणठणीत. मिलिंद हसत उठायला गेला आणि बसला. "दादा, पाय टेकत नाहीये रे."

उल्हासनगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "नडगीचं हाड आहे. ही बघा चीर, इथून अशी गेलीय."

पांढऱ्या हाडावर काळपट रेघ. गुडघ्याखाली, तिरकी, शेवटाला दोन फाटे.

मी स्टूल ओढून बसलो. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, तरुण हाड आहे, जुळेल.

जुळेना. प्लास्टर बदललं, पुन्हा एक्स-रे काढला, चीर तशीच. मी घरी येऊन रॉडवर खडू लावला, रेघही तशीच. त्यानंतर मला सवयच लागली. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी टेस्ट करायची आणि डॉक्टर काय बोलणार ते आधीच कळून बसायचं. जाणून काय उपयोग? मिलिंद रिक्षात विचारायचा, "या वेळी जुळलं असेल ना, दादा?" आणि मी बाहेर बघायचो. तेव्हाचा माझा जीव मलाच ठाऊक.

एकदा वाटलं, रॉडच दुरुस्त करावा. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर एक वेल्डर होता, त्याच्याकडे गेलो. त्यानं रॉड उलटसुलट करून बघितला.

"चीर कुठाय दादा? नुसता गरम करू काय?"

त्यानं गॅस पेटवला. ती निळी ज्योत रॉडच्या जवळ येताना बघितली आणि मी त्याच्या हातातून रॉड ओढून घेतला. तो मला शिव्या देत राहिला. मी घरापर्यंत जवळजवळ पळत आलो. मिलिंद शांत झोपला होता.

पावसाळा संपता संपता रॉडवरची रेघ पुसट झाली. नंतर फक्त एक फाटा उरला. हाडही तितकंच जुळलं. मिलिंद चालायला लागला, थोडा लंगडतो, पण नोकरी, लग्न, पोरंबाळं सगळं झालं. गाडी विकली. माझ्या टेस्ट त्याला माहीत आहेत. तो म्हणतो, "दादा, योगायोग आहे. देऊन टाक ते भंगार."

योगायोग असेलही. सगळ्या फिटरांना, एका इंजिनिअरलाही विचारलंय. सगळे खडूलाच दोष देतात. आता मी खडू लावत नाही, धाडसच होत नाही. रॉड फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. गंज चढू नये म्हणून दर महिन्याला त्याला तेल लावतो. देऊन टाकायचा म्हणजे भंगारवाला तो भट्टीत घालणार... आणि ते मला जमणार नाही.

पण मी आता सत्तरीला आलो. मिलिंद माझ्यापेक्षा लहान आहे, अजून खूप वर्षं चालायचाय. माझा मुलगा सरळ, व्यवहारी माणूस. मी गेल्यावर तो सगळ्यात आधी माळा साफ करणार. त्याला मी काय सांगून ठेवू?