पाणक्यांचा सेनापती

खेळात मेलेला सैनिक उचलायची तायडेची एक रीत होती. आम्ही बाकीचे लोक मेलेले सैनिक हाताच्या कडेने गोळा करायचो आणि रिकाम्या डब्यात लोटायचो. तायडे एकेकाला दोन बोटांनी उचलायचा, त्याच्या तळाशी बॉलपेनने लिहिलेलं नाव वाचायचा आणि टेबलाच्या कडेला अंथरलेल्या रुमालावर त्याला उताणा निजवायचा. "पड आता, संपत. लय झालं तुह्यं," असं काहीतरी म्हणायचा आणि मगच पुढचा फासा टाकायचा. एकेका डावात त्याचे तीस-तीस सैनिक मरत, त्यामुळे त्याचे डाव फार लांबत. मी घड्याळाकडे बघायचो. बाकीचे त्या रुमालाकडे बघायचे.

सैनिक म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढे, रंगवलेले. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, टेबल टेनिसच्या टेबलावर, दर रविवारी सकाळी नऊ ते एक आमचं युद्ध चालायचं. एक वाजता भजनी मंडळ यायचं, त्यामुळे कितीही मोठा संहार असला तरी तो वेळेत आटपावा लागे. आम्ही सात-आठ जण, बहुतेक सगळे कंपनीच्या बसने हिंजवडीला जाणारे. खेळ विलायती. काळ काही हजार वर्षांनंतरचा. आकाशातले सूर्य एकेक करून विझत चाललेत आणि उरलेल्या सूर्यांसाठी पाच साम्राज्यं एकमेकांचे गळे कापतायत. त्यात कुणीही चांगलं नाही. कुठलीही गोष्ट वाचा, शेवटी सगळे मरतात. असल्या गोष्टींवर आम्ही पोहे खात तासन्‌तास वाद घालायचो. घरचे लोक आम्हाला वेडे समजत, आणि त्यात त्यांची चूक होती असं आज म्हणवत नाही.

या खेळाचं एकच जाडजूड पुस्तक अख्ख्या ग्रुपमध्ये होतं आणि ते माझं होतं. सहा महिने ऑनसाइट गेलो तेव्हा इंग्लंडहून आणलेलं. नियम त्यात, सैन्यांची वर्णनं त्यात, सगळ्या सूर्यांचा इतिहास त्यात. झेरॉक्सला मी ते कधी दिलं नाही. बाइंडिंग सैल होतं, असं सांगायचो. बाइंडिंग उत्तम होतं. ग्रुपचा एक दंडकही मीच पाडला होता. कुणी काहीही दावा केला की त्याने पान सांगायचं. मी विचारणार, "पान?" आणि पान सांगता आलं नाही तर दावा बाद. ऑफिसात मी दीडशे जणांतला एक होतो, आणि घरी माझं मत भाजी कुठली आणायची यापुरतं घेतलं जाई. पण त्या हॉलमध्ये मी पुस्तक उघडलं की माणसं बोलायची थांबत. हे सुख किती मोठं होतं ते तायडे येईपर्यंत मला कळलंही नव्हतं.

गजानन तायडे अचलपूरकडचा. येरवड्याला तीन मित्रांबरोबर खोली करून राहायचा आणि एका लहान कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचा. त्याला मंदारने आणलं. मंदार आमच्यातला सर्वांत नवा आणि सर्वांत उत्साही. पहिल्याच दिवशी मी तायडेला साम्राज्यांची ओळख करून दिली. चिलखती पलटणी, अग्निरथ, सूर्यरक्षक, सगळं सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं आणि विचारलं, "लढाई तर होईन, भाऊ. पण पाणी कोण आणते?"

"पाणी?"

"एवढे लाखभर लोक जहाजात. त्याईले तहान लागत असन ना?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण उत्तर मला माहीत नव्हतं. उत्तर रेवतीने शोधलं. ती कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि आमच्यात सर्वांत शांत डोक्याने खेळायची. पुस्तकात मागे कुठेतरी तिला सापडलं, की प्रत्येक सैन्याबरोबर पाणके असतात. हातात फावडं, पाठीवर टाकी, चिलखत नाही. खेळात त्यांची किंमत इतकी कमी, की कुणी ते कधी टेबलावर आणलेच नव्हते. तायडे म्हणाला, "बस, हेच घेतो." पुढच्या महिन्यात तो एम-सील आणि वायरचे तुकडे वापरून बनवलेले साठ पाणके घेऊन आला. प्रत्येकाचा चेहरा वेगळा. मी सिंगापूरहून मागवलेली चिलखती पलटण त्या दिवशी कुणी पाहिलीसुद्धा नाही.

बोलताना मी त्याला 'अहो तायडे' म्हणायचो. मनात मात्र कायम अरे-तुरेच केलं, आणि इथेही तेच चालू ठेवतो. हेव्याला अहो-जाहो जमत नाही. होय, हेवाच. 'थोडंसं वाईट वाटायचं' वगैरे सोज्वळ शब्द वापरण्यात अर्थ नाही.

तो रविवारी आठलाच यायचा. मी किल्लीवाला, त्यामुळे मलाही आठला यावं लागे. तो कोपऱ्यात खुर्ची घेऊन माझं पुस्तक मांडीवर ठेवायचा आणि ओळीवर बोट फिरवत तासभर वाचायचा. "इंग्रजी मले बोलता नाही येत, वाचता येते," म्हणायचा. चारेक महिन्यांत मी 'पान?' म्हणायच्या आत त्याने पान सांगायला सुरुवात केली. नुसतं पान नाही, वरून कितवी ओळ तेही. मग मंदार मला विचारायच्या ऐवजी त्याला विचारू लागला. रेवतीही. आणि नियम विचारून लोक थांबेनात, त्यांना गोष्टी हव्या असत. मी गोष्ट सांगितली की सनावळ्या होत. तायडे सांगायचा तेव्हा विझणाऱ्या सूर्याखालच्या कुठल्याशा तळावर एक म्हातारा पाणका रांगेत उभा असायचा, आणि त्याच्या टाकीत शेवटचे दोन पेले उरलेले असायचे. "या पुस्तकात मरते सारेच, राजेहो," तो म्हणायचा. "जेवते कोण अन् जेवू कोण घालते, ते पाहा." माझी बायको एकदा हॉलमध्ये पोह्यांचं पातेलं द्यायला आली, ती अर्धा तास उभी राहून ऐकत होती. पुढच्या रविवारपासून मला विचारू लागली, "ते तायडे येणार आहेत का? मग जरा जास्तच करते."

आमच्या हॉलच्या भिंतीवर काळ्या कागदाचा नकाशा होता आणि त्यावरचे सूर्य म्हणजे बायकांच्या लाल टिकल्या. प्रत्येकाचा एक सूर्य. जो हरेल त्याची टिकली निघायची आणि तो वर्षभर बाहेर बसायचा. वर्षाचा शेवटचा सामना जो जिंकेल तो पुढच्या वर्षाचा सूत्रधार. कोणाची लढाई कोणाशी, गोष्ट कुठल्या दिशेने जाणार, सगळं त्याने ठरवायचं. सलग तीन वर्षं मी सूत्रधार होतो. चौथ्या वर्षी शेवटच्या सामन्यात माझ्यासमोर तायडे उभा राहिला.

त्या फावडेवाल्यांना घेऊन तो तिथवर कसा पोहोचला हे मला आजही नीट सांगता येणार नाही. तो मारायला जायचाच नाही. विहिरीभोवती, पुलाभोवती माणसं उभी करायचा आणि टिकून राहायचा. माझ्या अग्निरथांनी त्याचा रुमाल भरून टाकला. साडेबाराला शेवटची फेरी संपली तेव्हा माझे बावीस चिलखती सैनिक उभे होते आणि त्याचे, विहिरीजवळ, तीन पाणके. जिंकलो म्हणून मी हात झटकले.

तायडे हळूच म्हणाला, "नाही भाऊ. पाणके जिते हायेत. सूर्य नाही विझत."

"म्हणजे?"

"ज्या जगावर पाणके जिते असतील, ते जग जिंकलं असं धरत नाहीत. हल्ला करणारा हरला."

मी म्हटलं, "पान?"

"दोनशे चौदा. खालून तिसरी ओळ."

सगळे माझ्याभोवती जमले. मी पुस्तक छातीशी धरून दोनशे चौदावं पान उघडलं. खालून तिसरी ओळ. नियमांच्या भागात नव्हे, एका जुन्या लढाईच्या हकिगतीत होती, पण होती. स्वच्छ इंग्रजीत, तो म्हणाला होता तशीच. पुस्तक माझं, आणि ही ओळ मी कधी वाचलेली नव्हती. मंदारचा श्वास मला मानेवर जाणवत होता. मला दिसलं की पुढचं वर्षभर तायडे बोलणार, माणसं त्याच्याकडे तोंड करून बसणार आणि मी किल्ली घेऊन आठला येणार.

मी पुस्तक मिटलं. म्हणालो, "इथे असं काही नाही."

"बघू?" मंदारने हात पुढे केला. मी पुस्तक पिशवीत टाकत होतो. तायडे माझ्याकडे बघत होता. फार वेळ नाही, एखादा फासा थांबायला लागतो तेवढा वेळ. मग म्हणाला, "राहू दे, मंदार. भाऊनं पाह्यलं ना. माह्याच वाचण्यात चूक झाली असन." तो भिंतीपाशी गेला आणि आपली टिकली स्वतःच्या नखाने काढली. उरलेले तीन पाणके त्याने रुमालावर निजवले नाहीत. ते खिशात ठेवले.

त्यानंतरचं वर्ष माझं होतं. मी सूत्रधार. कागदोपत्री सगळं माझ्या हातात आणि हॉलमधला एकही माणूस नाही. तायडेला खेळता येत नव्हतं, तरी तो दर रविवारी यायचा. अंतर मोजायची टेप धरायचा, फासे उचलून द्यायचा. दोन डावांच्या मध्ये कुणीतरी म्हणायचं, "तायडे, त्या म्हाताऱ्या पाणक्याचं पुढे काय झालं?" आणि सगळे त्याच्याभोवती. ज्याला मी हरवलं त्याचाच मी हेवा करत होतो, याहून हलकी वेळ दुसरी कुठली असेल? एक गोष्ट मात्र बदलली होती. तो आठला येईनासा झाला. नऊला यायचा, सगळ्यांबरोबर. माझ्या पुस्तकाला त्याने पुन्हा हात लावला नाही. मी दोनदा आपण होऊन पुढे केलं, तर म्हणाला, "राहू द्या भाऊ, झालं वाचून." मी मात्र सवयीने आठलाच यायचो, नऊपर्यंत त्या हॉलमध्ये एकटा बसायचो आणि मला चक्क त्याची आठवण यायची. हेवा आणि आठवण एकाच माणसाबद्दल एकाच वेळी वाटू शकते.

मग मंदी आली. त्याच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात तो गेला. दोन महिने त्याने पुण्यात दुसरी नोकरी शोधली आणि मग गावी कॉम्प्युटर क्लास काढायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दुपारी मी स्कूटर काढून येरवड्याला गेलो. बायकोला सांगितलं, निरोप द्यायला जातोय. कारण तेवढंच असतं तर फोनवरही भागलं असतं.

खोलीत तो एकटाच होता. पलंगावर सैनिक मांडलेले, आणि एकेकाला तो वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळत होता. मला बसायला त्याने खुर्चीवरचे कपडे उचलले, पाणी दिलं. मी पाणी प्यायलो आणि सरळ सांगून टाकलं. "तायडे, दोनशे चौदा पानावर ती ओळ आहे. मी वाचली होती. खोटं बोललो."

त्याचा हात थांबला नाही. "मालूम हाय," तो म्हणाला.

"तुमची खात्री होती ना? आपल्याला पाठ आहे म्हणून?"

"त्याच्यानं नाही. पाठ असलेलंही चुकते कधी कधी. पान सापडलं नाही तर माणूस मागं-पुढं चाळते. एखादं पान इकडं, एखादं तिकडं. तुम्ही चाळलंच नाही, भाऊ."

मी पेला खाली ठेवला. विचारलं, "मग बोलला का नाहीत? मंदार बघायला तयार होता."

त्याने हातातला सैनिक गुंडाळून पुरा केला. "मले राग आला होता. लय आला होता. तीन दिवस जेवण गेलं नाही," तो म्हणाला. "पण तवा तुमच्या तोंडाकडं पाह्यलं, तर वाटलं, याले हे माह्याहून जास्त लागते. आपण सोडून देलं तर आपलं चालते. याचं नाही चालणार."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी पुणेकर आहे, परतवला असता. मी म्हणालो, "उद्या रविवार आहे. मी सगळ्यांना सांगतो."

मला वाटलं होतं की तो म्हणेल, जाऊ द्या, झालं गेलं. मोठ्या मनाची माणसं तसं म्हणतात आणि आपली सुटका करतात. तायडे म्हणाला, "सांगा. मी नसन, पण सांगा नक्की. मंदारले वाटते का मी फेकलं होतं. तेवढं लागते मनाले."

दुसऱ्या दिवशी मी सांगायच्या तयारीनेच हॉलमध्ये गेलो. पुस्तकात दोनशे चौदाव्या पानावर खूण घालून नेली होती. सगळे जमले, पोहे आले. मी घसा खाकरला, तेवढ्यात रेवती म्हणाली, "आज तायडे नाहीत, तर हॉल कसा रिकामा वाटतोय ना?" मंदार म्हणाला, "खरंच. आता कोण सांगणार गोष्टी?" मी तिथे उभा होतो, हातात पुस्तक होतं. आणि ती कळ उठली, नेहमीची, जशीच्या तशी. तो माणूस रेल्वेत बसून गावी निघाला होता, त्याची नोकरी गेली होती, त्याचा सूर्य मी चोरला होता, आणि तरीही मला त्याचा हेवा वाटला. मी म्हणालो, "चला, सुरू करू या."

पुढच्या रविवारी सांगू, असं ठरवलं. मग त्याच्या पुढच्या. पुढे मंदार अमेरिकेला गेला, रेवतीची बदली झाली, टेबल टेनिसचं टेबल मोडीत निघालं. तायडेचा क्लास चांगला चालतो असं कळलं. त्याचा फोन दिवाळीला यायचा. त्याने एकदाही विचारलं नाही, आणि मी एकदाही सांगितलं नाही, की मी सांगितलेलंच नाही.

मंदार, रेवती, तुमच्यापर्यंत हे पोहोचलं तर वाचा. तायडेने फेकलं नव्हतं. पान दोनशे चौदा, खालून तिसरी ओळ.