पाटी आमच्या दारावर होती तो आठवडा

सोमवारी सकाळी आमच्या दाराच्या मुठीला लाकडी पाटी लटकत होती. पाटी ज्याच्या दारावर, त्याने तो आठवडा इमारतीसमोरच्या फुटपाथवरचा बर्फ काढायचा, अशी आमच्याकडची पद्धत. म्युनिकच्या बाहेर, एस-बान या लोकल गाडीच्या जवळजवळ शेवटच्या स्टेशनापाशी आम्ही राहायचो. इमारतीत सहा बिऱ्हाडं, त्यांत परदेशी फक्त आम्ही, पहिल्या मजल्यावर. नवरा कंपनीच्या कामाने पुण्याला गेलेला. मी सॉफ्टवेअरच्या नोकरीत, मुलगी दुसरीत. आणि नेमका त्याच दिवशी बर्फ पडायला लागला.

सातच्या आत फुटपाथ मोकळा हवा, असा नियम. मी साडेपाचला उठायचे आणि सहाला फावडं घेऊन खाली उतरायचे. ओला बर्फ किती जड असतो ते उचलल्याशिवाय कळत नाही. पहिल्याच दिवशी पाठ धरली. बर्फ कडेला लोटायचा, कुणी घसरू नये म्हणून वर बारीक खडी टाकायची, मग वर जाऊन मुलीला उठवायचं, तिचा डबा, शाळा, आणि नऊला पहिली मीटिंग. संध्याकाळी पुन्हा तेच. बुधवारी तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचून मागे वळले, तेव्हा सुरुवातीचा भाग परत पांढरा झालेला होता. तरी एकही सकाळ मी चुकवली नाही.

गुरुवारी दुपारी मुलीला शाळेतून घेऊन आले, तर जिन्याखालच्या बोर्डावर एक कागद लावलेला. वर बर्फाने भरलेल्या फुटपाथचा फोटो आणि खाली चार ओळी. मुलीला तेव्हा दिसेल ते वाचायची हौस. तिने अडखळत, मोठ्याने सगळं वाचलं. पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबाने लक्षात घ्यावं, की या देशात आपापली जबाबदारी पार पाडावी लागते. खाली तळमजल्यावरच्या गृहस्थांची सही, आणि एक प्रत इमारतीचा कारभार बघणाऱ्या हाउसफरवाल्टुंगला पाठवल्याची नोंद. तू तर रोज जातेस ना, मग असं का लिहिलंय, असं मुलीने जर्मनमध्ये विचारलं. त्यांनी उशिरा बघितलं असेल गं, मी म्हटलं. म्हणजे माझ्या लेकीसमोर मीच त्याची बाजू घेतली. स्वतःचाच इतका संताप आला, की तिला वर पाठवून मी त्याची बेल वाजवली.

दार उघडलं. सत्तरीचा, नीटनेटका माणूस, पायात लोकरीच्या सपाता. मी विचारलं, फोटो किती वाजता काढला? साडेनऊला, तो म्हणाला. मी सातला सगळं साफ करून गेले होते, त्यानंतर अडीच तास बर्फ पडत होता, तेव्हा मी कामावर होते, हे मी त्याला सांगितलं. रागात माझं जर्मन कोलमडलं. जर्मनमध्ये नपुंसकलिंगी असलेला ‘फोटो’ मी पुल्लिंगी करून टाकला.

“डास फोटो,” त्याने शांतपणे दुरुस्त केलं. “आणि आपण घरी नसलो, तर कुणालातरी सांगून जायचं असतं.”

त्याने दार लावून घेतलं. 

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “जाऊ दे गं. सॉरी म्हण आणि संपव. तिथे राहायचंय आपल्याला.” मी फोन ठेवून दिला आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

शनिवारी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. एकट्या राहायच्या. रस्ते निसरडे झाले, की त्यांचं दूध, ब्रेड मीच आणून द्यायचे. त्यांनी माझा हात धरला आणि हळूच सांगितलं, की रोज सकाळी त्या कॉफी घेऊन खिडकीशी बसतात आणि मला फावडं मारताना बघतात. त्या गृहस्थाची पाळी होती, तेव्हा तो दोन दिवस फिरकलासुद्धा नव्हता, हेही म्हणाल्या.

“मग एवढंच लिहून द्याल का?” मी विचारलं.

त्यांनी हात सोडला. “भांडणात पडायचं वय नाही माझं. मला इथेच राहायचंय.”

“मलाही,” मी म्हटलं.

त्या कठड्याला धरून वर गेल्या.

रविवारी मी स्वतः पत्र लिहिलं. सोमवारपासून रोज किती वाजता उतरले, किती वाजता वर आले, सगळं. व्याकरण कुणाकडूनही तपासून घेतलं नाही. एक प्रत हाउसफरवाल्टुंगला पाठवली, दुसरी बोर्डावर त्याच्या कागदाशेजारी लावली.

दोनेक आठवड्यांनी सगळ्या बिऱ्हाडांना सारखंच उत्तर आलं, की पुढच्या हिवाळ्यापासून बर्फ काढायला बाहेरचा माणूस ठेवू. त्या कागदाबद्दल अक्षर नाही. त्याचा कागद कुणीतरी काढला, माझा मी राहू दिला. तो जिन्यात ‘ग्र्यूस गॉट’ म्हणून नमस्कार करायचा, जणू काही घडलंच नाही. मी उत्तर देत नसे.

आजींनी मात्र एके दिवशी सफरचंदाचा केक आणून दिला. मुलगी शेजारी उभी होती म्हणून मी घेतला, ‘डांके’ म्हटलं आणि दार लावलं. ती चवीने खात होती. मी एक घासही खाल्ला नाही. आजही त्या आठवड्याची आठवण निघाली, की फोटोपेक्षा त्या केकचाच मला जास्त राग येतो.