मावशी पहिल्याच लेव्हलवर

माझ्या मावशीला कंटाळा येऊ शकतो, हे मला वयाच्या पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. तोवर माझा समज होता की कंटाळण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे आणि कामाचं तिच्याकडे.

मावशी काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंगला. सत्तावीस वर्षं एकाच टेबलाशी उभी. कप, ग्लास, बरण्या, दिव्यांच्या काचा, जे समोर येईल ते कागदात गुंडाळायचं, पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवायचं आणि उरलेल्या फटींत चुरगळलेला कागद कोंबायचा. एवढं सगळेच करतात. तिची एक रीत मात्र वेगळी. झाकण मिटलं की चिकटपट्टी लावण्याआधी ती खोकं कानाशी धरून दोनदा हलवणार. आतून जरासा जरी आवाज आला, तरी खोकं उघडायचं, सगळा माल बाहेर काढायचा आणि पहिल्यापासून भरायचं. वरून दोन कागद खुपसून वेळ मारून नेणं तिला मान्य नाही. सत्तावीस वर्षांत तिच्या हातून एकच बशी फुटली, तीही पायावरून उंदीर गेला म्हणून. त्या बशीबद्दल ती अजून उंदरालाच बोल लावते.

आई गेल्यावर मी तिच्याकडे राहायला आले तेव्हा आठ वर्षांची होते. नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी तिनं माझं दप्तर कानाशी धरून हलवलं. म्हणाली, "कंपास वाजतोय." आणि कंपासपेटीत एक जुना रुमाल घडी करून बसवून दिला. अख्ख्या वर्गात माझी एकटीचीच कंपासपेटी गप्प असायची. तेव्हा मला त्याची लाज वाटायची. आता वाटतं, परक्या घरात आलेल्या पोरीचं काही खडखडू नये, एवढंच तिला हवं होतं.

तर ही बाई यंदा नुकत्याच पुसलेल्या जिन्यावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण बोटं संपावर गेली होती. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांना ओळख देईनात. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला रबरी चेंडू दिला आणि स्पष्ट सांगितलं, "चिमटीत धरा, फिरवा, सोडा. दिवसातून शेकडो वेळा. आत्ता आळस केलात तर हात असाच राहील."

कारखान्याचे सुपरवायझर स्वतः भेटायला आले. माणूस भला, पण त्यांच्याही वर माणसं. "ताई, तुमचं टेबल मी सहा आठवडे रिकामं ठेवतो. त्यानंतर एक खोकं भरून दाखवायचं. माझाही नाइलाज आहे," असं म्हणून चहा अर्धा टाकून गेले.

मावशीनं चेंडू दोन दिवस दाबला. तिसऱ्या दिवशी तो मला कपाटाखाली सापडला.

"घरंगळला असेल," ती म्हणाली.

"भिंतीपर्यंत? आणि वर फडकं अंगावर घेऊन?"

"अगं, दाबला की दबतो, सोडला की तसाच्या तसा. हातात काय राहतं? कंटाळा येतो मला."

हे तिच्या तोंडून ऐकून मी चमकलेच. खिडकीशी खुर्ची टाकून ती दिवसभर समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे मोजत बसलेली असायची. कपडे कुणी आत नेले की तिचं तेवढंही काम संपायचं.

मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर असते. माणसं कंटाळली की काय खेळतात, हे मला पाठ आहे, कारण फोन दुरुस्त होईपर्यंत त्या खेळांवाचून तडफडताना मी त्यांना रोज पाहते. म्हटलं, चेंडू नाही तर नाही. बोटं हलल्याशी कारण. दुकानातला एक जुना, मोठ्या पडद्याचा फोन नीट करून तिच्या हातात ठेवला. बजावलं, "उजव्या हातानंच खेळायचं."

पहिला खेळ रंगीत गोळ्या जुळवण्याचा. जगातली निम्मी माणसं तो खेळतात. मावशीनं तीन गोळ्या जुळवल्या, त्या फटाफट फुटल्या आणि तिनं फोन खाली ठेवला. "सत्तावीस वर्षं काही फुटू नये म्हणून राबले. आता फोडत बसू?"

दुसऱ्यात एक मुलगा रस्त्यावरून पळत असतो आणि मागे पोलीस. "यानं केलंय काय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, ते खेळात सांगत नाहीत. "मग मी कशाला त्याला पळवू? सापडू दे, चौकशी होऊ दे." मुलगा सापडला. खेळ संपला.

तिसऱ्या खेळात ती जाहिरातींवर बोट ठेवत गेली आणि संध्याकाळपर्यंत फोनमध्ये चौदा नवी अ‍ॅप येऊन बसली, त्यात एक कुत्र्यांचं भविष्य सांगणारं. मी वैतागले. "मावशी, पडद्यावर आपोआप काही उगवलं की त्याला हात लावायचा नाही. कितीही चमकू दे." ती मान डोलावून म्हणाली, "नाही लावणार." मावशीला एकदा सांगितलं की पुरतं. हे पुढे महाग पडलं.

यात तीन आठवडे गेले. बोटं जिथल्या तिथे. सुपरवायझरांची तारीख जवळ येत चालली, तशी मीच रात्रंदिवस कावल्यासारखी झाले. टेबल गेलं तर ही बाई करणार काय? कपडे मोजणार?

एका दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. खेळांच्या यादीत खाली, आणखी खाली, कुणी सहसा जात नाही तिथवर गेले तेव्हा एक खेळ दिसला. चित्र इतकं साधं की घेणाराही फारसा कुणी नव्हता. एक रिकामं खोकं. बाजूला किटली, घड्याळ, बुटांचा जोड, दिवा, दोन कप आणि कागदाचे गोळे. चिमटीत धरून वस्तू फिरवायची, खोक्यात बसवायची, फटी कागदानं भरायच्या. घोडा नाही, बंदूक नाही, राजकन्या नाही. इतका रटाळ खेळ कुणी केला असेल, असं मनात आलं आणि लगेच मी दुकानातच उभी राहून हसले.

तशीच घरी येऊन मी तो तिच्या फोनवर घातला. मावशीनं चष्मा नाकावर सरकवला आणि बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. "कप किटलीच्या आत ठेवता येतो का?"

"नाही गं."

"बरं. मग घड्याळ खाली जाईल." उजव्या हाताचा अंगठा थरथरत पुढे आला. घड्याळ दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा उचललं गेलं. ती माझ्याशी बोलायची थांबली. मी भरायचं कसं ते दाखवलं, शेवट दाखवायच्या आत दुकानातून फोन आला आणि मी पळाले. मावशी मला घाईबाई म्हणते ते उगाच नाही.

पुढचे दिवस सुखाचे गेले. मी घरी आले की ती खिडकीशी खेळतच असायची. "कितवी लेव्हल?" मी चपला काढता काढता विचारायचे. "चाललंय," ती म्हणायची. नवव्या दिवशी व्यायामाच्या बाईंनी तिची चिमूट तपासली आणि खूश झाल्या. "काय करता हो घरी? बोटं चांगली वळायला लागली." मावशीनं हात पदराखाली घेतला. मीच मिरवून घेतलं.

आणि दहाव्या दिवशी सकाळी ती चहा गाळताना म्हणाली, "सुपरवायझरला फोन करून टाक. म्हणावं, टेबल दुसरीला द्या. नवी मुलगी बघा कुणी."

"वेड लागलंय का? हात सुधारतोय तुझा."

"हालतोय. सुधारत नाहीये. दोन्ही एक नव्हेत."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मी घाबरले. मी फोन केला नाही, आणि केला असंही सांगितलं नाही. दिवसभर ते डोक्यात घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाची वीज गेली आणि मी दुपारीच घरी आले. दार उघडंच होतं. मावशी माझ्याकडे पाठ करून बसली होती. पडद्यावर खोकं काठोकाठ भरलेलं मला मागूनही दिसत होतं. किटली, घड्याळ, बूट, सगळं असं बसलेलं की सुईला जागा नाही. कोपऱ्यात हिरवं बटण लुकलुकत होतं. मावशीनं फोन उचलला, कानाशी धरला आणि दोनदा हलवला. आतून खडखडाट झाला. तिनं मान खाली घातली, फोन मांडीवर ठेवला. खोकं रिकामं होतं आणि वस्तू बाहेर विखुरलेल्या होत्या. "नाही झालं," ती स्वतःशी म्हणाली आणि तिनं पुन्हा घड्याळाला हात घातला.

मला हसू फुटलं. ते मी आवरलं नाही, हे अजून टोचतं.

ती वळली. "हस. तुला काय जातंय? अकरा दिवस झाले. घड्याळ आडवं ठेवून पाहिलं, उभं ठेवून पाहिलं. बुटांच्या आत कागद भरला. काहीही करा, हलवलं की वाजतंच. एक खोकं जमत नाही मला." तिनं उजवा हात असा दूर धरला, जसा काही दुसऱ्या कुणाचा तिच्याकडे सांभाळायला दिलाय. "गेला हा. मी आपली उगाच आशा धरून बसले."

तेव्हा माझं हसू कुठल्या कुठे गेलं. अकरा दिवस ही बाई पहिल्याच लेव्हलवर होती. रोज चाळीस वेळा खोकं भरत होती आणि रोज चाळीस वेळा स्वतःला नापास करत होती. आणि मी दारात चपला काढत होते.

मी खाली बसले. "मावशी, फोन हलवला की खोकं रिकामं होतंच. कुणाचंही होतं. पुन्हा पहिल्यापासून खेळायचं असेल, त्याच्यासाठी ती सोय आहे. ते खडखडणं फोनचं आहे, तुझ्या मालाचं नाही."

"मग माल पाठवायचा कसा?"

"हे हिरवं बटण दाबून."

"न हलवता?"

"न हलवता."

हे तिच्या पचनी पडेना. "पण ते तर उगवतं. तूच म्हणालीस, आपोआप उगवलं की हात लावायचा नाही."

माझंच वाक्य होतं. "ते बटण खोकं नीट भरल्याशिवाय येत नाही," मी म्हटलं. "तुला कधीपासून दिसतंय?"

ती विचारात पडली. "पहिल्या दिवसापासून. तू गेलीस आणि तासाभरानं आलं बघ ते."

"मग पहिल्या दिवशीच पास होतं."

"पहिल्या दिवशी?"

"पहिल्याच दिवशी. आणि तेव्हापासून प्रत्येक वेळी."

मावशीनं उजवा हात जवळ घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि डाव्या हातानं त्याच्यावरून हळूच हात फिरवला. "आणि मी याला नाही नाही ते बोलले," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोळ्यांत आधीच आलं होतं. मी तो हात दोन्ही हातांत धरला. थोडा वेळ तिनं धरू दिला.

मग तिनं खोकं पुन्हा भरलं, बटण दाबलं आणि पडद्यावर फुलं पडली. "एवढंच?" ती म्हणाली. पण त्या संध्याकाळी तिनं एका बैठकीत नऊ लेव्हल उडवल्या. फोन हलवायचं सोडलं, कानाशी धरायचं मात्र सुटलं नाही. बटण दाबण्याआधी ती तो क्षणभर तसाच धरते, ऐकते आणि मगच पाठवते.

ठरल्या दिवशी मी दुकानातून रजा घेऊन तिच्याबरोबर कारखान्यात गेले. तिच्या टेबलावर खरंच कुणी नव्हतं. सुपरवायझरांनी लांब देठाचे सहा ग्लास आणून ठेवले. जाणूनबुजून अवघड माल दिला, असं मला वाटलं आणि मी त्यांच्याकडे रागानं पाहिलं. मावशीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कागद, ग्लास, कागद. चौथा ग्लास गुंडाळताना अंगठा थरथरला. ती थांबली, अंगठा शांत होऊ दिला, मग पुढे गेली. झाकण मिटलं.

सुपरवायझरांनी हात पुढे केला. तिनं खोकं दिलं नाही. आपल्या कानाशी धरून दोनदा हलवलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मग माझ्याकडे वळली.

"आधी हिला ऐकू दे," ती म्हणाली. "घाईबाई, नीट ऐक. शेवटपर्यंत."

तिनं खोकं माझ्या कानाशी धरलं आणि हलवलं, एकदा, दोनदा. मी डोळे मिटून ऐकलं. आत सहा ग्लास होते आणि कसलाही आवाज नव्हता. डोळे उघडले तेव्हा मावशी माझ्याकडेच बघत होती, आठ वर्षांच्या मुलीचं दप्तर हातात घेऊन बघायची तशी.

"नाही वाजत," मी म्हटलं.

तिनं मान डोलावली आणि उजव्या हातानं चिकटपट्टी ओढली.